रुपेरी शेवाळ आणि निलगिरी

माझी आत्या झाडं करायची. हे सांगितलं की लोक हमखास 'लावायची का?' म्हणून विचारतात, तेव्हा आधीच सांगून टाकते. इमारत उभी राहण्याआधी बिल्डर लोक तिचं छोटं मॉडेल करून घेतात, काचेच्या पेटीत ठेवतात आणि गिऱ्हाइकांना दाखवतात. तशी मॉडेलं करणाऱ्या एका कारखान्यात ती कामाला होती. कारखाना म्हणजे दोन खोल्या, मोठाली टेबलं, कटरचे आवाज आणि गोंदाचा वास. इमारतींचे भाग कारखान्याचे मालक स्वतः कापायचे. मोटारी, दिवे आणि बोटाच्या पेराएवढी माणसं तयार मिळायची. झाडं मात्र सगळी आत्याची. तिथे तिला 'झाडवाली बाई' म्हणत आणि घरी माझे बाबा तिला 'बेबी' म्हणत. पन्नाशी उलटून गेली, केस पांढरे झाले, तरी बेबीच.

झाड करायची तिची रीत अशी. जुन्या वायरीचं प्लास्टिक सोलायचं, आतल्या तांब्याच्या तारांचा जुडगा पिळला की खोड झालं. वरच्या टोकाला एकेक तार सुटी केली की फांद्या. मग चिमट्यानं फांद्यांवर शेवाळ चिकटवायचं. हो, खरं शेवाळ. घरामागच्या भिंतीवर, टाकीच्या तळाशी उगवतं तेच. ते आधी ग्लिसरीनच्या पाण्यात बुडवून, रंगवून, सावलीत सुकवून घ्यावं लागतं. ग्लिसरीन प्यायलेलं शेवाळ वर्षानुवर्षं मऊ राहतं आणि त्याचा चुरा होत नाही. जिवंत मात्र राहत नाही. 'कच्चं शेवाळ लावायचं नाही' हा मालकांचा पहिला नियम होता, आणि कारखान्यात नवीन माणूस आला की त्याला हा नियम आत्याच ऐकवायची.

सुट्टीच्या दिवशी ती एक बोथट सुरी आणि बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन निघायची. लोकांच्या कुंपणाच्या भिंती, नळाचे ओटे, बंद पडलेल्या गोदामाची मागची बाजू. उकिडवं बसून हळूच सुरी घालायची आणि शेवाळाची उशी अख्खी उचलायची. एकदा शेजारच्या काकूंनी तिला विचारलं, "काय हो, गटार साफ करायचं काम घेतलंत की काय?" आत्या म्हणाली, "हो, तुमच्याकडून सुरुवात करू का?" अशी ती फटकळ होती, पण बाहेर. घरात तिचा आवाज नसायचाच.

आमच्या घरात ती कशी आली ते थोडक्यात सांगते. आजी-आजोबांचं दुखणंखुपणं काढता काढता तिचं लग्न राहून गेलं. ते दोघे गेले, जुनी भाड्याची जागा सुटली, बाबांनी नवं घर बांधलं आणि तीही सामानाबरोबर इकडे आली. जिन्याखालची खोली तिची झाली. तिथे छत उतरतं होतं, त्यामुळे खोलीच्या एका बाजूला उभं राहता येई आणि दुसऱ्या बाजूला वाकावं लागे. एक कॉट, एक टेबल, आणि शेवाळाचे डबे एकावर एक. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून अंगण झाडायची, भाजी चिरून ठेवायची, डबा घेऊन कामावर जायची. आपला भार कुणाला जाणवू नये म्हणून ती जिना उतरावा तसं जपून जगायची. आई कधी वैतागली की म्हणे, "तुझी आत्या म्हणजे असून अडचण, नसून खोळंबा." आईचा राग तिच्यावर नव्हता, पण म्हण तोंडाला लागली होती. आत्या दोन दिवस तापानं झोपली तरी घरात आधी भाजीचीच आठवण निघायची, हे मला आजही खुपतं.

मी तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते. अभ्यासाला शांत जागा म्हणजे आत्याची खोली. एकदा परीक्षेच्या आधी मी तिच्या कॉटवर बसून मोठ्यानं घोकत होते. ती टेबलाशी तारा पिळत होती.

"काय चाललंय?" तिनं विचारलं.

"फरक स्पष्ट करा. हरिता आणि वृक्ष."

"हरिता कोण? तुमच्या वर्गातली का?"

मी पोट धरून हसले. "अगं, तुझं शेवाळ! तुझ्या भिंतीवरच्याला पुस्तकात हरिता म्हणतात. शेवाळ म्हणजे डबक्यातलं, बुळबुळीत."

"बरं बाई, हरिता तर हरिता. वाच."

मी वाचलं. वृक्षाला मूळ, खोड, पान असतं. हरितेला खरं मूळ नसतं, केसासारखे धागे असतात, ते फक्त धरून ठेवतात. वृक्ष मुळातून पाणी ओढून नळ्यांनी शेंड्यापर्यंत चढवतो. हरितेला नळ्या नसतात, ती सगळ्या अंगानं पाणी पिते, म्हणून बोटभर उंचीच्या वर जात नाही. वृक्षाला फूल येतं, फळ येतं, बी येतं. हरितेला फूलही नाही आणि बीही नाही.

"हे मुलगी बघायला आल्यासारखं झालं गं," आत्या म्हणाली. "हिला हे नाही, हिला ते नाही. आहे काय ते कुणी विचारलंय का?"

"मग तू सांग, काय आहे?"

"वाळलं तरी मरत नाही. झाडाची फांदी वाळली की संपलं, चुलीत घालायची. माझ्या डब्यातलं कच्चं शेवाळ काढ, कधीचं आहे मलाच आठवत नाही, त्यावर पाणी शिंपड, चहा होईपर्यंत हिरवं होतं. आणि ज्याच्यावर बसतं त्याचं काही खात नाही."

"पण ओल धरून ठेवतं. बाबा म्हणतात, भिंतीचे पोपडे निघतात."

"तेवढं होतं खरं," ती म्हणाली.

थोडा वेळ ती तार पिळत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक सांगू? मी इथे आले तेव्हापासून मला कुणी जा म्हटलेलं नाही. दादा देवमाणूस आहे, म्हणणारही नाही. पण राहा असंही कुणी म्हटलेलं नाही. राहतेच आहे मी, म्हटलं काय आणि नाही काय. तरी वाटतं, एकदा त्यानं म्हणावं. बेबी, तू इथेच राहायचंस, एवढंच. मग मी पंखा लावतानासुद्धा विचार करणार नाही." आणि लगेच, जसं काही बोललीच नाही, तसं तिनं विचारलं, "परीक्षा कितीला आहे?"

त्याच वर्षी बाबांनी घरावर मजला चढवला. आत्यानं त्यांना भेट म्हणून घराचं मॉडेल करायला घेतलं. हे तिचं पहिलंच पूर्ण मॉडेल, इमारतीसकट. उघडझाप होणारं गेट, गच्चीवरची टाकी, पायरीशी बाबांची स्कूटर, आणि पुढच्या अंगणातली निलगिरी. ही निलगिरी बाबांनी स्वतः लावलेली. घरापेक्षा उंच झाली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तिच्या उंचीबद्दल असं सांगायचे की जणू रोज खेचून तेच तिला वर नेत होते. पांढरं गुळगुळीत खोड. ती आपली साल पट्ट्यापट्ट्यांनी टाकत राहते, त्यामुळे तिच्यावर शेवाळ कधी टिकत नाही. बाकीच्यांच्या अंगणातल्या झाडांच्या बुंध्यांवर आत्याला काही ना काही मिळायचं, आमच्या निलगिरीवर कधीच नाही. रोज सकाळी ती साल झाडून गोळा मात्र करायची.

अडचण आली ती पानांच्या रंगाची. निलगिरीचा तो राखाडी रुपेरी रंग रंगवलेल्या शेवाळाला येईना. मग तिला फुटपाथच्या फटीतलं एक बारीक शेवाळ आठवलं. ते ओलं असताना हिरवं दिसतं आणि वाळलं की रुपेरी होतं, खराखुरा चांदीसारखा रंग. मी त्याचा तुकडा कॉलेजात नेला, फुशारकीनं सरांना त्याचं पुस्तकातलं नाव सांगितलं, "फ्युनारिया." सरांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "ब्रायम. जगात कुठल्याही शहरात जा, फुटपाथवर सापडतं." घरी येऊन आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, कुठेही गेले तरी ओळखीचं कुणीतरी असेल."

ग्लिसरीननं तो रुपेरी रंग काळवंडला असता. म्हणून झाडवाल्या बाईंनी आपलाच नियम मोडला आणि भावाच्या निलगिरीला कच्चं शेवाळ लावलं.

बाबा खूश झाले. चार वेळा गेट उघडून बघितलं, शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. काही दिवस मॉडेल दिवाणखान्यात होतं. मग तिथे नवा टीव्ही आला आणि आईनं मॉडेल जेवणाच्या खोलीत, हात धुवायच्या बेसिनवरच्या फळीवर ठेवलं. आई टापटिपीची. दर दोन-चार दिवसांनी ओल्या फडक्यानं घर पुसायची, तेच फडकं मॉडेलवरूनही फिरवायची. शिवाय बेसिनचे शिंतोडे होतेच. व्हायचं तेच झालं. निलगिरी हिरवी पडली. नुसती हिरवी पडली असती तर ठीक, पण तिला बारीक कोंब फुटले, ती फुगली, आणि महिन्याभरात ते झाड कमी आणि फ्लॉवरचा गड्डा जास्त दिसायला लागलं. आत्याला फार लाज वाटली. कारखान्यात असं कुणी केलं असतं तर तिनंच त्याची बिनपाण्यानं केली असती. पण मी कॉलेजातून भिंग आणलं तेव्हा बेसिनशी उभी राहून ती किती तरी वेळ त्यातून बघत होती. "लावलं तसं जगलं बाई," म्हणाली.

बाबांचं गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान होतं. एका संध्याकाळी त्यांचे दुकानातले भागीदार आणि त्यांची बायको आमच्याकडे जेवायला आले. भागीदार हात धुवायला बेसिनशी गेले आणि तिथूनच ओरडले, "अहो, हे काय! या खेळण्यातल्या झाडाला खरी पालवी फुटलीय! कुणी केलं हे?"

बाबा रंगात आले होते. म्हणाले, "आमच्या घरात एक बांडगूळ आहे ना, त्याची करामत!"

सगळे हसले. आत्या पाण्याचा जग घेऊन दारातच उभी होती. आईनं बाबांकडे डोळे मोठे करून पाहिलं, पण तीर सुटून गेला होता. आत्यानं जग टेबलावर ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "बांडगूळ नाही रे दादा. बांडगूळ झाडाचा रस पितं. हे शेवाळ आहे."

भागीदारांना वाटलं, ती मॉडेलबद्दलच बोलतेय. "वा, बाई आपल्या कामात एकदम पक्क्या!" ते म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला. बाबाही हसले आणि पुढच्या मिनिटाला बॅटऱ्यांच्या गॅरंटीवर बोलायला लागले. माझे बाबा दुष्ट नव्हते. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा त्यांचा स्वभाव. जवळच्या माणसाची चेष्टा करायची नाही तर कुणाची, असं त्यांना वाटायचं. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला होता की मी ताटावरून उठून गेले आणि पाहुण्यांसमोर शोभा केली म्हणून बोलणी मात्र मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या नेहमीसारखी अंगण झाडत होती. मी म्हटलं, "बाबांना सांग ना, तुला लागलं म्हणून."

"लागलं ते लागलं," ती म्हणाली. "सांगून काय, तो फुंकर घालणार आहे?"

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. कारखान्याच्या मालकांनी कारखाना दुसऱ्या गावी हलवायचं ठरवलं. तिकडे मोठमोठी बांधकामं निघाली होती. त्यांनी आत्याला विचारलं, येता का? कारखान्याच्या वर एक खोली आहे, ती तुमची. आत्यानं घरी ही गोष्ट काढली ती भात वाढता वाढता. "मालक तिकडे बोलावताहेत. कायमचं." आणि हातातला डाव तसाच धरून ती थांबली.

"खोलीचं काय?" बाबांनी विचारलं.

"आहे. वरच."

"पाणी?"

"दिवसभर असतं म्हणे."

"मग झालं तर! या वयात कोण विचारतं गं हल्ली? तुझ्या हाताला किंमत आहे म्हणून विचारतात." बाबांना खरंच अभिमान वाटला होता, तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. आई म्हणाली, तिकडची हवाही चांगली आहे म्हणतात. आत्या बाबांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग तिनं भात वाढला.

मालकांना तिनं लगेच होकार कळवला नाही. आज सांगते, उद्या सांगते, असं चालवलं. मला ठाऊक होतं ती कशासाठी थांबलीय. मी तिच्या खोलीत जाऊन म्हटलं, "आत्या, राहा ना. नको जाऊस."

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. तिच्या बोटांना गोंद सुकून चिकटलेला असायचा, तो टोचला. "तू म्हणालीस, पोचलं हो मला. पण तू स्वतःच उद्या कुठे जाशील, कुणी सांगावं. घर दादाचं आहे. त्यानं म्हणायला हवं."

"मी सांगू बाबांना?"

"खबरदार! मागून मिळालेलं मला नको."

तिनं मला शपथ घातली, म्हणून मी गप्प राहिले. नुसतं बघत राहिले. बाबा पेपर वाचत बसले की ती समोर येऊन कपड्यांच्या घड्या घालत बसायची, एक घडी मोडून पुन्हा घालायची. बाबा पेपरातलं काहीतरी वाचून दाखवायचे आणि ती "हो का?" म्हणायची. जिन्याखालच्या खोलीतले डबे तिनं आवराआवरीसाठी मुद्दाम दिवाणखान्यात आणून मांडले, बाबांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर. बाबांनी ते पाहिले. संध्याकाळी दुकानातून येताना बॅटऱ्यांची रिकामी खोकी घेऊन आले.

"ही घे बेबी. बॅटऱ्या पेलतात, तर तुझं शेवाळ काय!"

मग त्यांनी स्वतः खाली बसून तिचं सामान बांधलं. डब्यांच्या मध्ये वर्तमानपत्रं कोंबली, दोरीच्या पक्क्या गाठी मारल्या आणि प्रत्येक खोक्यावर जाड पेननं 'नाजूक' असं लिहिलं. आत्या गाठीवर बोट धरायची आणि बाबा दोरी ओढायचे. लहानपणी दोघं पतंग बांधायचे तेव्हाही ती असंच बोट धरायची, असं सांगून बाबा हसत होते. तीही हसली. खोकी बांधून झाल्यावर तिनं मालकांना फोन करून येते म्हणून कळवलं.

निघायच्या दिवशी टेंपो दाराशी आला. सामान चढवलं. आईनं तिच्या हातात डबा दिला आणि आईचे डोळे भरून आले. मी तर सकाळपासून रडतच होते. आत्या बाबांसमोर येऊन उभी राहिली.

"जाते, दादा."

बाबांनी कपाळाला आठी घातली. "जाते काय म्हणतेस? निघताना येते म्हणावं, एवढंही कळत नाही?"

ती टेंपोच्या दाराला धरून उभी होती. बाबा अजून काहीतरी बोलतील असं तिला वाटत होतं, तिच्या मानेकडे बघूनच ते मला कळत होतं. टेंपोवाल्यानं गाडी चालू केली.

"येते," ती म्हणाली.

"हां. पोचलीस की फोन कर."

टेंपो कोपऱ्यावरून वळला तरी बाबा गेटशी उभे होते. मी डोळे पुसत आत निघाले तर मागून म्हणाले, "गेली बघ. मला वाटत होतं, ऐन वेळी नको म्हणेल. सामान उतरवायची तयारी ठेवून होतो मी."

आता शपथ संपली होती. मी वळून जवळजवळ ओरडलेच, "मग तुम्ही तिला राहा का नाही म्हणालात, बाबा? एकदा तरी म्हणायचं!"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही परकी भाषा बोलतेय.

"राहा?" ते म्हणाले. "राहा पाहुण्याला म्हणतात गं. ती घरची होती."